पाहुण्यांची ओळ

बस अशी, दिव्याच्या या अंगाला. खिडकीकडे पाठ कर. पडद्याला हात लावू नकोस, उकडलं तरी चालेल. तू या गल्लीत नवी म्हणून विचारतेस. जुन्या बायका विचारत नाहीत, त्यांना वाटतं नवरा गेल्यापासून हॅटी जराशी सटकली आहे. वाटू दे. कॉफी घे, आणि मधे मधे बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो.

मी मूळची समुद्रकाठची, मेन राज्यातली. एमोरी टटल मला भेटला तो तिथल्या एका खानावळीत. मी स्वयंपाक करायचे, तो गिऱ्हाईक. विधुर, गुडघे गेलेला, हाताची बोटं वाकडी. बेसबॉलमधला कॅचर होता म्हणाला. म्हटलं, म्हणजे काय असतं? फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, आलेला चेंडू झेलायचा आणि बोटं मोडून घ्यायची, तो म्हणाला. मला हसू आलं, आणि तिथेच घोटाळा झाला. लग्न करून मी त्याच्यामागे पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात आले, तेव्हा खालच्या टॅनर फील्डला, बेसबॉलच्या मैदानाला, कुलूप होतं. प्रेक्षकांच्या लाकडी स्टँडवर वेली चढल्या होत्या. पाऊस पडला की जुन्या कातडी कारखान्याचा वास त्या मातीतून वर यायचा. बंद होतं तोवर माझी काही तक्रार नव्हती.

आमच्या स्वयंपाकघराची ही खिडकी स्टँडच्या छपरावरून सरळ धावफलकाकडे बघते. मैदानाच्या पार टोकाला तो उभा, हिरवा, घराएवढा. विजेचा नाही, हाताचा. फळ्यांच्या मागे एक चिंचोळी खोली, आणि फळ्यांत चौकोनी भोकं. आत उभं राहून एकेका भोकात आकड्याची पाटी अडकवायची. एकेका डावाचा एक उभा रकाना; वरची ओळ पाहुण्यांची, म्हणजे बाहेरगावच्या संघाची, खालची घरच्यांची. हे काम पूर्वी लिओना करायची. एमोरीची पहिली बायको.

तिची गोष्ट मला बर्डी क्लोपने सांगितली. बर्डी म्हणजे फळं भरून भाजलेले गोड 'पाय' विकणारी, गावची पंच आणि गावचं वर्तमानपत्र. मी आले त्याच आठवड्यात सफरचंदाचा पाय घेऊन दारात हजर. म्हणाली, लिओना रिकाम्या चौकोनाला दुर्बीण लावून बसायची आणि चेंडू कसा टाकायचा म्हणून समोरचा कॅचर गोलंदाजाला बोटांनी खुणावतो, त्या खुणा वाचायची. एमोरी फलंदाजीला आला की तिने चौकोनात पांढरा रुमाल धरला म्हणजे चेंडू वेगात येणार, नाही धरला म्हणजे वळणार. शुद्ध लबाडी. अख्ख्या गावाला ठाऊक, पण कोणी बाहेर चकार शब्द काढला नाही. म्हणून तर एमोरी घरच्या मैदानावर वाघ आणि बाहेर शेळी.

"डोळे तिचे आणि हात त्याचे," बर्डी म्हणाली. "असा संसार पुन्हा बघायला मिळाला नाही, बाई."

सांग बरं, असलं वाक्य कोणी नव्या नवरीला ऐकवतं? जिवंत सवत असती तर मी झिंज्या उपटल्या असत्या. मेलेल्या सवतीचं काय करणार? ती म्हातारी होत नाही. तिच्या रश्श्यात मीठ कधी जास्त पडत नाही. मी त्या दिवशी ठरवलं की तिचा खेळ शिकायचा नाही, त्यातला एक शब्द कानावर घ्यायचा नाही. आणि मी शब्दाची पक्की आहे.

मग गावाला वेड लागलं. कुठल्याशा दुकानवाल्यांना मैदान पाडून गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. चर्चच्या तळघरात सभा भरली. मे महिन्यापर्यंत मैदान उभं केलं तर खालच्या लीगमधला एक संघ इथे परत येईल, असं ठरलं होतं म्हणे. लोक रडले. मोठमोठे बाप्ये नाक शिंकरत होते. कोणी छप्पर दुरुस्त करायचं अंगावर घेतलं, कोणी बाकं. एमोरी गुडघे कुरकुरवत उठला आणि म्हणाला, धावफलक मी करतो. मी शेजारीच बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सगळा हिवाळा तो तिथे. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा कोटाला रंगाचा वास, ओल्या लाकडाचा वास, आणि त्याखाली आणखी एक. गोडसर, तिखट. इतर बायका नवऱ्याच्या कोटाला अत्तर हुंगतात, मी लवंग हुंगली. बर्डीला आडून विचारलं, तर ती सहज म्हणाली, "लवंगेचा चुइंगम. लिओना दिवसभर चघळायची. का गं?" मी म्हटलं, काही नाही.

बर्फ वितळायच्या दिवसांत एका दुपारी एमोरी चष्मा विसरून गेला. तोपर्यंत मी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. पण आंधळेपणाने शिडीवरून पडायचा मेला, म्हणून निघाले. स्टँडखालच्या बोळातून जाताना वरून टपटप पाणी गळत होतं. बाहेर आले तर धुकं. मैदान कुठे संपतं ते दिसेना. त्या टोकाला फक्त हातोडीचा आवाज, आणि मधे मधे तो थांबला की कुजबुज. एकाची नाही. बोलणारा एक आणि हुंकार देणारं दुसरं कोणीतरी.

मी दार वाजवलं. आतली कडी निघायला वेळ लागला.

"कोणाशी बोलत होतास?"

"पाट्यांशी," एमोरी म्हणाला आणि हसला. तसं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. खोलीत लवंगेचा वास कोंदला होता.

चष्मा दिला, परत फिरले आणि मधल्या गवतावरून मागे बघितलं. पहिल्या रकान्यात पाट्या लागल्या होत्या. पाहुणे शून्य, घरचे एक. सामना नाही, संघ नाही, आणि धाव कसली? म्हटलं, पाट्या बसतात का ते बघत असेल. शेजारच्या रिकाम्या चौकोनात मात्र काहीतरी ओलसर चमकलं आणि मिटलं. मला वाटलं पाणी असेल.

आमच्या लग्नाच्या वाढदिवशी मी मांस भाजलं, मेणबत्त्या लावल्या. एमोरी विसरला. मेणबत्त्या विझवून मी झोपायला गेले तेव्हा तो आला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना खिडकीतून बघते तर पुढचा रकाना भरलेला. पुन्हा पाहुणे शून्य आणि घरचे एक. एमोरीला विचारलं. तो म्हणाला, मी पाटी लावली नाही, खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात. मग खिडकीशी येऊन बघत राहिला. घाबरला असता तर मी त्याला पोटाशी धरलं असतं. पण त्याचा चेहरा कसा मऊ झाला, लोण्यासारखा. माझ्या अंगाची आग आग झाली.

मग मीही कमी नाही. पुढच्या संध्याकाळी तो टोपी घालून निघाला, तशी मी छातीवर हात ठेवून खुर्चीत बसले. कळ येतेय म्हटलं. बिचारा टोपी फेकून माझ्यापाशी बसला. पाय चोळले, सूप करून पाजलं. सकाळी मी आधी खिडकी गाठली.

पाहुणे एक. घरचे शून्य.

हातातली बशी हातातच राहिली. पाहुणे म्हणजे मी. इतकी वर्षं गावातलं कोणी तोंडावर बोललं नव्हतं, तिने पाटीवर लिहून दाखवलं. भीती वाटली का? वाटली की. पण खरं सांगू, त्याआधी आनंद झाला. तिने मला मोजलं होतं! मला एक धाव मिळाली होती, आणि तिच्याच मैदानावर.

मग काय, मी कंबर कसली. डुकराचं मांस आणि आंबट कोबी, त्याच्या जिवाचं जेवण, नेमकं तो निघायच्या वेळेला ताटात. छपराची पन्हाळी मीच ढिली केली आणि त्यालाच दुरुस्त करायला लावली. जुने सिनेमे लावले, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. तो घरी राहिला की मला धाव. तो गेला आणि उशिरा आला की तिला. एकेका रकान्यात कधी दोन-तीन दिवसांच्या धावा जमायच्या. एप्रिलभर आम्ही दोघी एका म्हाताऱ्याला दोन्हीकडून ओढत होतो, आणि तो वाळत चालला होता. गावाला वाटे, एमोरी पाट्या लावून बघतोय. बर्डी चिडवायची, एकटाच खेळतो आणि एकटाच हरतो म्हणून.

एका संध्याकाळी मी त्याला सरळ विचारलं. बाहेर उजेड होता, पण घरात दिवा लावावासा वाटत होता.

"एमोरी, ती आत असते का?"

तो आपली वाकडी बोटं चोळू लागला.

"मी वळून बघत नाही... हात मागे केला की पाटी हातात येते. एवढंच."

"भीती नाही वाटत?"

"तिने माझं कधी वाईट केलं नाही, हॅटी."

"आणि माझं?"

त्याने पुढे होऊन दिवा लावला. आणि त्याचा कोट खुंटीवर, दाराशी होता, तरी माझ्या उशीला लवंगेचा वास येत होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेवटचा रकाना तेवढा रिकामा उरला. बेरीज मला येते, माझ्या बापाचा मासळीचा धंदा होता. मी एका धावेने मागे होते. खाली मैदानात झेंडे लागत होते, बँड तालीम करत होता, शेंगदाणे भाजल्याचा वास वरपर्यंत येत होता. मी दोन बॅगा काढल्या आणि एमोरीसमोर ठेवल्या. म्हटलं, उद्या सकाळच्या बसने माझ्या बहिणीकडे जायचं, मेनला. उद्घाटन गेलं चुलीत. कायमचं चल. ती किंवा मी, आत्ता सांग.

त्याने एका बॅगेचं बक्कल उघडलं, परत लावलं. मग म्हणाला, "चल. येतो मी."

मी रडले गं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडले. त्याने माझ्या कपाळावर ओठ टेकले, टोपी घेतली आणि म्हणाला, "एक पाटी अडकते आहे, ती सरळ करतो. मी कबूल केलंय... किल्ली बर्डीला देतो आणि येतो. तू पानं घे."

कोणाला कबूल केलंय, ते मी विचारलं नाही.

मी सूप तापत ठेवलं आणि खिडकीशी उभी राहिले. दिवेलागणीची वेळ. बँडवाले गेले होते, मैदान रिकामं. शेवटच्या रकान्यात वरती पाटी सरकली. शून्य. मला काही कळेना, कारण तो तर माझ्याबरोबर येणार होता. मग खालच्या चौकोनात, घरच्यांच्या, हळूच दुसरी पाटी आली. आकडा नव्हता.

फुली होती.

मला हसू फुटलं. शाळेत उत्तर चुकलं की बाई काय मारतात? फुली. मेली हरली, आणि जाताना स्वतःच्या हाताने आपल्या नावावर काट मारून गेली. माझ्या शून्याचं मग मला काही वाटलं नाही. मी चांगल्या बशा काढल्या. एमोरीचे शर्ट घड्या करून बॅगेत भरले, गाणं गुणगुणत. त्याचे मैदानाचे बूट मात्र भरले नाहीत, तिथे काय करायचेत म्हणून.

सूपावर साय धरली. मी परत गरम केलं. पुन्हा साय धरली. बाहेर अंधार झाला आणि दार वाजलं. एमोरी दार वाजवत नाही, हे दाराशी जाईपर्यंत मला आठवलं नाही.

बर्डी होती. टोपी हातात, गालाला हिरवा रंग.

"हॅटी... एमोरी आत... पाट्यांच्या खोलीत."

त्यांना दार फोडावं लागलं, कडी आतून होती. तो उकिडवा बसला होता, कॅचर बसतो तसा, ते गुडघे वाकत नसताना. मान वर, रिकाम्या चौकोनाकडे. मुठीत पांढरा रुमाल. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही कळलंही नसेल. पण मी चेहरा बघितला ना. इतका खूश होता की मला बघवेना. मी त्या चेहऱ्यावर चादर ओढली, आणि लोक म्हणाले हॅटीला शोक आवरत नाही.

नंतर बर्डी माझा हात धरून याच टेबलाशी बसली होती. मी विचारलं, घरच्यांच्या ओळीत फुली मारतात ती कशाला? तिला वाटलं माझं डोकं फिरलं. तरी सांगितलं. आधी पाहुणे खेळतात, घरचे नेहमी नंतर. पाहुण्यांचा शेवटचा डाव संपला आणि घरचे आधीच पुढे असले, तर घरच्यांनी खेळायची गरजच उरत नाही.

"म्हणून फुली टाकतात," ती म्हणाली. "म्हणजे घरचे जिंकले. पोरासोरांनाही कळतं इथे."

मग तिने माझा हात सोडला. "पण तू फुली कुठे बघितलीस?"

म्हटलं, धावफलकावर. लागलेली आहे अजून.

"फुलीची पाटी नाहीच आपल्याकडे, हॅटी. नवी करायची राहून गेली. जुनी तर..." तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "जुनी लिओनाच्या शवपेटीत आहे. एमोरीने माझ्यासमोर तिच्या हाताखाली ठेवली. झाकण लावेपर्यंत मी तिथेच होते."

सकाळी मी स्वतः जाऊन ती पाटी उतरवली. ओली होती. मागच्या बाजूला काळी माती, दाबून बसलेली, आणि वास कसला ते तुला सांगायला नको.

इथल्या दफनभूमीत त्या दोघांचा एकच दगड आहे. ती गेली तेव्हाच गाववाल्यांनी एमोरीचं नाव शेजारी कोरून ठेवलं, साल तेवढं रिकामं. माझ्या लग्नाची सगळी वर्षं तो दगड तिथे वाट बघत उभा होता. सगळे धरूनच चालले होते की आता साल कोरायचं. मी म्हटलं, मरा. कायद्याने बायको मी आहे. मी त्याला मेनला नेलं, माझ्या आईबापाशेजारी, समुद्राच्या वाऱ्यात ठेवलं, आणि त्याच्या बाजूची जागा माझ्यासाठी धरली. पाटी इथे आल्यावर चुलीत घातली. ओली असून भडकन पेटली. आता कोरा तुमचं साल.

गावाने माझ्याशी बोलणं टाकलं. बर्डी येते, पण सफरचंदाचा पाय आणत नाही. तिकडेच का राहिले नाही, विचारशील. घर माझं आहे. मी सोडलं तर सगळा डोंगर तिचा झाला. मला ते चालणार नाही.

संघ आला, मैदान भरतं, तू बघतेसच. सामना संपला की पोरं सगळ्या पाट्या उतरवतात, धावफलक कोरा करून जातात. या आठवड्यात संघ बाहेरगावी आहे, खोलीला नवं कुलूप आहे, किल्ली बर्डीच्या गळ्यात. आणि काल संध्याकाळी मी भांडी घासत होते. पहिल्या रकान्यात वरती पाटी होती. पाहुणे एक.

मोजते ती. लबाड असेल, पण मोजण्यात चुकत नाही. त्याला मी नेलं, ती धाव तिने मला दिली.

खालचा चौकोन रिकामा होता. रिकामा, पण काळा नव्हता. काहीतरी पांढरं होतं तिथे, रुमालाएवढं, आणि वर, याच खिडकीकडे धरलेलं. मी पडदा ओढला. आता मला तिचा खेळ येतो ना. पाहुण्यांचा डाव झाला, घरच्यांचा नंतर असतो.

काय म्हणालीस? छान लागतेय? लवंगेची कॉफी पहिल्यांदाच पितेस?

ठेव तो कप खाली. मी कॉफीत लवंग घालत नाही. या घरात लवंग नाही.